साठ घरांचा प्याला

देगलूरच्या मिशन कंपाउंडात सिंधुबाईंना सहसा कोणी "कशा आहात?" असं विचारत नाही. उत्तर ऐकायला वेळ लागतो आणि सोसायला जीव लागतो. बाई बहात्तर वर्षांच्या. उंची बेताची, दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज असा की फाटकाशी बोलल्या तर चर्चमधल्या शेवटच्या बाकावरच्या माणसाची झोप मोडते. नवरा दगडोबा चर्चची घंटा वाजवायचा. तो जाऊन अकरा वर्षं झाली. कंपाउंडाच्या मागच्या दफनभूमीत तो चिंचेखाली निजलाय. तिथंही बाई दर रविवारी जातात आणि आठवडाभराच्या तक्रारी त्याला सांगून येतात. जिवंत होता तेव्हा तो मध्येच उठून जायचा, आता जात नाही, एवढाच फरक.

एकेचाळीस वर्षं त्यांच्याकडे एकच काम आहे, प्रभुभोजनाचा प्याला सांभाळायचा. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट, मंडळीतल्या प्रत्येकानं कठड्याशी गुडघे टेकून घ्यायचा. शनिवारी दुपारी बाई तो प्याला चिंच लावून बाहेरून लखलखीत करतात, संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालतात, कारण या मंडळीत द्राक्षारस म्हणजे मनुकांचंच पाणी. आणि मोठ्या सणाच्या आधी प्याला कल्हईला नेतात. पितळेचं भांडं आहे. आतून कथलाचा हात नसला की आंबट पदार्थ त्यात कळकतो, हे घरातल्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक असतं. कमिटीवाल्यांना नसतं.

प्याला पितळेचा का, तर चांदीचा होता तो गोरा साहेब घेऊन गेला. निजामी संपली, साहेबानं पेट्या भरल्या, आणि प्याला मिशनच्या मालकीचा म्हणून पेटीत घातला. मग मंडळीतल्या साठ घरांनी एकेक भांडं आणून दिलं. कोणी लोटा, कोणी चेपलेली वाटी, सिंधुबाईंच्या सासऱ्यांनी पाणी प्यायचा तांब्या. नांदेडच्या एका ओताऱ्यानं ते सगळं वितळवून हा प्याला ओतला. साठ घरं गावकुसाबाहेरच्या दोन वस्त्यांतली होती, आणि त्या दोन वस्त्या तोवर एकमेकींच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. एकसष्टावं भांडं नागप्पाचं. नागप्पा लिंगायत, दुकानावर दिवाणजी होता, घरच्यांशी वैर घेऊन बाप्तिस्मा घेतलेला. पण लोक म्हणत राहिले 'साठ घरांचा प्याला', आणि नागप्पाही तेच म्हणायचा.

सिंधुबाईंचे वडील सटवाजी. बाई सहा-सात वर्षांच्या असताना त्यांचं बोट धरून बाजारला जायच्या. स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या बाहेर भिंतीत एक कोनाडा होता, त्यात वेगळ्या कपबश्या. सटवाजी कप घ्यायचे, वरून ओतलेला चहा प्यायचे, आपला कप आपणच धुवायचे आणि पालथा घालून ठेवायचे. आणि त्याच आठवड्यात रविवारी, चर्चच्या कठड्याशी, सटवाजींनी ओठ लावलेल्या प्याल्याला नागप्पानं ओठ लावलेले त्या पोरीनं पाहिले. पाळकसाहेबांनी मधे फडक्यानं कड पुसली, पण ती सगळ्यांसाठी सारखीच पुसली. सिंधुबाईंना धर्मातलं बाकी फार कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात. हे मात्र त्यांना कळलं, आणि त्या दिवशीच पुरतं कळलं.

आता एवढं ऐकल्यावर कोणाला वाटेल की बाई मोठ्या सुधारक. मुळीच नाहीत. बाई कर्मठ आहेत. उपासना जुन्या क्रमानं व्हावी, गुडघे टेकून प्रार्थना व्हावी, बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा, आणि वेदीशी पुरुषानंच उभं राहावं, कारण प्रभूनं बाराच्या बारा शिष्य पुरुष निवडले. त्याला बायका ठाऊक नव्हत्या असं नाही. हे त्यांचं मत होतं आणि आहे. गोष्ट संपेपर्यंत ते बदलेल अशी वाट बघत कोणी बसू नये.

आणि नेमकं त्यांच्याच वाट्याला हे आलं. सगळ्या चर्चांचा कारभार बघणारं वरचं मंडळ आधीच दुभंगलेलं होतं. दोन बिशप, दोन शिक्के, एकाच तारखेची दोन परिपत्रकं, कोर्टात दावा. लातूर, औसा, शिरूर अनंतपाळ, जाल तिथं एकाच घरातली माणसं दोन ठिकाणी प्रार्थनेला. त्यातल्या एका बिशपनं देगलूरला पाळक म्हणून पाठवली उज्वला. लातूरची पोर, चौतीस वर्षांची, स्कूटीवरून फिरणारी. रेव्हरंड उज्वला. बाकीचे तिला पाळकबाई म्हणू लागले. सिंधुबाई म्हणाल्या, "पोरी, तू गुणाची हाईस. पण तुझ्या हातनं म्या घेणार न्हाई."

"मावशी, तुमची मर्जी," उज्वला म्हणाली.

तिनं भांडायला हवं होतं. तिनं भांडण केलं नाही याचाच बाईंना आठवडाभर संताप आला.

दुसरा घाव प्याल्यावर पडला. करोनानंतर मंडळाचं परिपत्रक होतं की आजारांची भीती आहे, तरी प्रत्येकाला वेगळा प्लास्टिकचा कप द्यावा. अंगठ्याएवढे कप, शंभराच्या पुड्यात. उज्वलेनं ते तसंच चालू ठेवलं. साठ घरांचा प्याला फडक्यात गुंडाळून चर्चच्या कपाटात गेला. बाई तरीही दर शनिवारी तो काढून घासायच्या, दर सणाला कल्हई करून आणायच्या. "वेगळे कप," त्या दगडोबाच्या थडग्याला सांगायच्या. "कोनाड्यातले कप आता आत आणले बगा. एवढाच फरक."

आणि तिसरा घाव घरातूनच बसला. दीर शेषेराव एसटीत कंडक्टर होता. बाई सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचं नाक त्यांनी पुसलं, त्याच्या उवा त्यांनी काढल्या. बाईमाणूस वेदीशी उभं राहिल्यावर शेषेरावनं साठांतली चाळीस घरं उठवली आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये वेगळी मंडळी मांडली. दुसऱ्या बिशपचा शिक्का मिळवला. वहिनी पहिल्या दिवशी येतील असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवली होती.

त्या गेल्या नाहीत.

"वैनी, म्या तर तुमचंच बोलून राहिलो," शेषेराव घरी येऊन म्हणाला. "बाई नको म्हणून तुमीच आधी बोलल्या का न्हाई?"

"बोलले. अजून बोलते. सून चुलीला चुकीची बसली म्हणून कोण घर सोडून जातंय का रे? तिथं बसून सांगायचं तिला."

"तिथं बसून उपाशी मरताल."

हे मात्र खरं होतं. उज्वलेच्या हातून घ्यायचं नाही आणि शेडमध्ये जायचं नाही, म्हणजे बाईंना प्रभुभोजन बंद. एक महिना, दोन महिने, चौदा महिने. रविवारी लोक कठड्याशी जायचे आणि बाई तिसऱ्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसायच्या. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ज्या घोटानं आठवडा सुरू व्हायचा, तो नाही. मग घरी येऊन त्या शेजारणीशी कचऱ्यावरून भांडायच्या.

मनुका मात्र त्या पूर्वीइतक्याच भिजत घालायच्या, साठ घरांच्या. वीसच घरं उरली होती. पाणी उरायचं. उज्वला काही बोलायची नाही. बाईंचा हात मोजूनमापून कमी करायला तयार नव्हता.

शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, संध्याकाळी शेषेराव पुन्हा आला. या वेळी खाली बसला, चहा घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वैनी, प्याला द्या. तिथं कपाटात सडून राहिला. आमच्याकडं पुनरुत्थानाच्या दिशी पुरुषमाणूस हातात धरील अन् सगळे त्याच्यातनं पितील, जुन्या रीतीनं. तुमी बी पिताल. बाचा तांब्या हाय त्याच्यात."

सिंधुबाईंची चूक झाली ती इथं. भूक लागलेल्या माणसाला वास दाखवला की काय होतं तेच झालं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. उज्वलेला न विचारता त्यांनी चर्चमध्ये जाऊन कपाट उघडलं, दहा दिवसांपूर्वीच कल्हई केलेला प्याला काढला आणि शेषेरावच्या हातात दिला. देताना पदराखाली झाकून दिला. तो का झाकला हे तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं त्या नंतर म्हणायच्या, आणि स्वतःला एक ठेवणीतली शिवी द्यायच्या.

ईस्टरच्या रविवारी सकाळी सात वाजता बाई शेडमध्ये गेल्या. धुवट पांढरं पातळ, डोक्यावर पदर. दाराशी फ्लेक्स होता. त्यावर पुनरुत्थित प्रभू, आणि प्रभूपेक्षा चार बोटं मोठा हात जोडलेला शेषेराव. आत लाल गालिचा, दोन स्पीकर, कीबोर्ड. जुना क्रम कुठं आहे हे बाई शोधत राहिल्या. मग त्यांना समोरच्या टेबलावर प्याला दिसला.

प्याल्याला झेंडूचा हार घातलेला होता.

बाई गुडघे दाबत जवळ गेल्या आणि आत वाकून पाहिलं. थेंब नव्हता. आणि आतली कल्हई गेली होती. आतून बाहेरून पिवळाजर्द, नव्या नवरीच्या समईसारखा.

"शेषा, हे काय केलंस?"

"बाजारातनं मशीनवर पॉलिश मारून आणला," शेषेराव खुशीत होता. "बगा कसा चमकून राहिला!"

"आतनं बी?"

"आतनं बी. पैसे तेवढेच घेतले त्यानं."

"अरे, कल्हई गेली की! रस कळकंल त्याच्यात! लोक ओकतील!"

"त्याच्यातनं पिणार कोन वैनी?" शेषेराव हसला. "तो ठेवायला हाय. आपला निशाणी म्हणून. प्यायला कप आणले न्हवं."

आणि खरंच, बजरंग नावाचा कमिटीतला माणूस ट्रे घेऊन निघाला होता. ट्रेमध्ये अंगठ्याएवढे प्लास्टिकचे कप. तेच. त्याच पुड्यातले.

सिंधुबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण कल्हईवरून सणाच्या दिवशी तमाशा नको, एवढं भान त्यांना होतं. त्या भिंतीशी टेकल्या. बजरंग ओळीनं कप देत गंगम्मापाशी आला. गंगम्मा म्हणजे नागप्पाची नातसून. अजून मराठीत कन्नड मिसळून बोलणारी, पासष्टीची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं घर शेडच्या मागंच, म्हणून ती इथं यायची. तिनं हात पुढं केला.

"कार्ड?" बजरंग म्हणाला.

"याव कार्ड, अप्पा? कसलं?"

"सभासदाचं. तुझी नात शिवांगी मिशनात पेटी वाजवती. एक पाय इकडं, एक तिकडं, तसं चालणार न्हाई. कमिटीचा नियम हाय." आणि ट्रे पुढच्या बाईकडं गेला.

गंगम्माचा हात तसाच राहिला. मग तिनं तो पातळाला पुसला, जणू काही हाताला लागलं होतं, आणि मान खाली घालून दाराकडं निघाली. सवय असल्यासारखी निघाली. तीच सवय. पालथा कप ठेवून मागं न बघता निघायची सवय. सिंधुबाईंनी ती ओळखली.

पुढं त्या काय बोलल्या ते चाळीस घरांतली माणसं आजही वेगवेगळं सांगतात. एवढं नक्की की कीबोर्ड थांबला. बाईंनी टेबलावरचा प्याला उचलला, हार काढला आणि शेषेरावच्या हातात कोंबला. "फोटोला हार घालत्यात, शेषा! ह्याच्यातनं पितात! ह्याला आपल्या बानं तांब्या दिला तो कशापायी? कार्ड बगाया?"

"वैनी, तुमी सणाच्या दिशी..."

"सणाच्या दिशीच! नागप्पानं घरदार सोडलं ह्या प्याल्यापायी, अन् त्याच्या नातसुनंला तू दारातनं परत लावतूस? बाई नको म्हणालास, ते मला पटलं हुतं. पण बाहेर पडून केलंस काय? हाटेल काढलंस!"

पदराखाली प्याला धरून त्या बाहेर आल्या, दाराशी उभ्या असलेल्या गंगम्माचा दंड पकडला आणि रिक्षाला हात केला. गंगम्मा "अक्का, ब्याडा, नको अक्का" म्हणत होती. बाईंनी ऐकलं नाही.

रिक्षा आधी गेली ती स्टँडमागच्या कल्हईवाल्या खाजामियाँच्या भट्टीवर. मिशनची उपासना साडेनऊची होती आणि खाजामियाँची सुट्टी शुक्रवारी असते. त्यानं प्याला उजेडात धरला आणि तोंड कडू केलं.

"अम्मा, येच्च पखवाडे में करा था ना मैं? पूरा खरवड डाले! कौन करा ये?"

"माझ्या दिरानं."

"बर्तन कू समझते नै लोगां," खाजामियाँ म्हणाला आणि भाता मारायला बसला. प्याला तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत फिरली, कापसाच्या बोळ्यानं दोन हात मारले आणि आतलं पिवळं जाऊन चंद्रासारखं पांढरं आलं. पाण्यात बुडवल्यावर चर्र झालं. त्यानं फडक्यानं पुसून तो बाईंच्या हातात दिला. "पियो बोल्के करते, अम्मा. खाली देखने कू नै."

भांडं पिण्यासाठी असतं, नुसतं बघायला नाही, हे शेडमधल्या चाळीस घरांना कळलं नव्हतं. बाईंना तिथंच भरून आलं, आणि मग भरून आलं याचा राग आला.

मिशनमध्ये उपासना सुरू झाली होती. उज्वला वेदीशी, पांढरा झगा, समोर भाकरी, मनुकांच्या रसाची सुरई आणि ट्रेमध्ये प्लास्टिकचे कप. सिंधुबाई मधल्या वाटेनं सरळ पुढं गेल्या. एका हातात प्याला, दुसऱ्या हातात गंगम्मा. पेटीवरच्या शिवांगीचा सूर चुकला.

उज्वलेनं प्याल्याकडं पाहिलं. "परवा रात्री कपाट उघडं दिसलं, मावशी, आत प्याला नव्हता," ती हळूच म्हणाली. "वाटलं, चोरी झाली."

"चोरीच. म्या केली. कपाटाची किल्ली मागून घे माझ्याकडनं, म्हणजे बरं हुईल."

"किल्ली तुमच्याकडंच राहू द्या."

पुन्हा तेच. भांडायचं नाव नाही. बाईंनी प्याला वेदीवर आपटलाच जवळजवळ. "मग ह्याच्यातनं दे. ते कप काढ. परिपत्रक मला वाचून दाखवू नगं. कल्हई आत्ताच केलीया, ऊन हाय अजून, हात लावून बग."

उज्वलेनं हात लावला. ट्रेकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. परिपत्रकाखाली सही करून पोच तिनंच पाठवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिनं ट्रे उचलून खाली ठेवला आणि सुरईतला रस प्याल्यात ओतला. काठोकाठ भरला. साठ घरांच्या मनुका होत्या.

ज्यांना भीती वाटत होती ते बाकावर बसून राहिले. तिनं कोणावर जबरदस्ती केली नाही. पण सोळा-सतरा घरं उठली. सर्वांत आधी गंगम्मा गेली, कारण सिंधुबाईंनी तिला ढकललंच. तिनं ओठ लावले, घोट घेतला, आणि डोळे मिटून तशीच बसली. उज्वलेनं कड पुसली, सगळ्यांसाठी पुसतात तशीच, आणि पुढच्याला दिला. सटवाजींच्या आणि नागप्पाच्या जागी आता दुसरी माणसं होती.

शेवटी प्याला हातात घेऊन उज्वला थांबली. कठडा रिकामा होता. तिनं तिसऱ्या बाकाकडं पाहिलं.

सिंधुबाई उठल्या नाहीत. त्यांना किती तहान लागली होती हे त्यांचं त्यांना माहीत. नव्या कल्हईचा प्याला, मनुका त्यांनीच भिजवलेल्या, दहा पावलांवर. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं आणि मान नाही म्हणून हलवली. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कपाळावर आठ्या होत्या. उज्वलेनं नियमाप्रमाणे उरलेलं स्वतः संपवलं.

उपासना सुटली तेव्हा फाटकाशी शेषेराव चार माणसं घेऊन उभा होता. आत यायचं नाही, असा त्यांचा ठराव होता.

"वैनी, प्याला द्या. आमचा बी हाय तो."

"हाय की. न्हाई कोन म्हणतंय?" बाई फाटकाच्या आत उभ्या राहिल्या. फाटक सताड उघडं होतं. "आत ये, गुडघे टेक, पी. दारातनं मिळणार न्हाई. दारातनं प्यायचे दिवस आपल्या बानं संपवले."

"त्या बाईच्या हातनं?" शेषेरावचा आवाज चढला. मागं पायरीवर उज्वला उभी होती, तिला ऐकू जाईल असा. "तुमी तरी पिलात का आज? सांगा की! चौदा महिने झाले, तोंड लावलं का तुमी?"

हे उघडं बोलायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं.

"न्हाई पिले," सिंधुबाई म्हणाल्या. "पिणार बी न्हाई. ती चूक हाय. तिला तोंडावर सांगते, आता तुझ्यासमोर सांगते. ऐकतीस न्हवं ग पोरी? चूक हाईस तू!" मग त्या पुन्हा दिराकडं वळल्या. आवाज खाली आला, आणि तो खाली आला की लोक जास्त घाबरतात. "पण म्या उपाशी हाय ते घरात बसून. तू पोटभर जेवून दारात उभा हाईस, शेषा."

शेषेरावच्या हातात अजून झेंडूचा हार होता. थोड्या वेळानं चौघं गेले, मग तोही गेला.

पुढच्या शनिवारी सिंधुबाईंनी प्याला घासला आणि पातेल्यात मनुका टाकल्या. उज्वला दारात येऊन उभी राहिली. मंडळाची कारणे दाखवा नोटीस तिच्या पर्समध्येच होती, पण ते ती बोलली नाही. पातेल्याकडं बघून म्हणाली, "मावशी, वीसच घरं आहेत. थोड्या कमी घातल्या तरी..."

बाईंनी मान वर केली नाही. आणखी एक मूठ टाकली.

"साठ हायत," त्या म्हणाल्या. "चाळीस उशिरा येऊन राहिलीत. अन् तू पदर घे डोक्यावर."